हवेतल्या धुळीत शिसं किती, पीएएच किती? नमुना घेण्यापासून आकडा काढण्यापर्यंतची नीट पद्धत

गच्चीवर सॅम्पलर, म्हणजे फिल्टरमधून हवा ओढणारं यंत्र, चालवून होतो, फिल्टर काळाकुट्ट होतो, तो वहीच्या कागदात गुंडाळून कपाटात जातो आणि महिन्याभराने प्रश्न येतो, "यातून काय काय तपासून मिळेल?" प्रकल्प करणारी मुलं हे विचारतात, हल्ली सोसायट्यांमधली मंडळीही विचारतात. आणि बहुतेक वेळा उत्तर द्यावं लागतं, की फारसं काही नाही. मेहनत पूर्ण झालेली असते, वीज जळलेली असते, पण क्रम उलटा झालेला असतो. कुठलं रसायन शोधायचं हे आधी ठरलं, तरच फिल्टर कुठला, गुंडाळायचं कशात आणि ठेवायचं कुठे हे ठरतं. लॅबमधलं यंत्र कितीही महागडं असलं, तरी चुकीच्या फिल्टरवरून ते बरोबर आकडा काढू शकत नाही.

मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक या कामाला पुरत नाही. तो प्रामुख्याने कणांचं वजन आणि काही वायूंचं प्रमाण सांगतो, त्या कणांवर काय चिकटलंय, शिशासारखे धातू की पीएएच (अर्धवट जळण्यातून होणारी घातक रसायनं), ते सांगत नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं सोलापूर आहे, त्यामुळे पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांवर, बोलणं होतं. पण शंभर मायक्रोग्रॅम शेतातली माती आणि शंभर मायक्रोग्रॅम टायर जाळल्याची काजळी छातीत सारखीच वागत नाहीत. म्हणून ही तपासणी करायची, आणि करायची तर नीट करायची.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

"सोलापूरची हवा तपासायची आहे" हा प्रश्न नव्हे. "अक्कलकोट रोड एमआयडीसीलगतच्या वस्तीत हिवाळ्यात पीएम १० मध्ये बेंझो-ए-पायरीन किती असतं?" हा प्रश्न झाला. त्यात जागा, ऋतू, कणांचा आकार आणि रसायन असं सगळं आलं.

धूलिकणांवरच्या घातक रसायनांचे ढोबळ दोन गट धरा. पहिला धातूंचा: शिसं, निकेल, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम. दुसरा पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे पीएएचचा. लाकूड, कोळसा, डिझेल, कचरा अर्धवट जळला की ही तयार होतात. त्यातलं बेंझो-ए-पायरीन माणसात कॅन्सर करणारं म्हणून निश्चित झालेलं आहे. या दोन गटांची हाताळणी एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहे. पुढचे निम्मे घोटाळे दोन्ही गट एकाच फिल्टरवर, एकाच पद्धतीने उरकण्यातून होतात.

आपल्याकडची २००९ची राष्ट्रीय मानकं हाताशी ठेवा. शिसं २४ तासांसाठी १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वार्षिक सरासरी ०.५ मायक्रोग्रॅम. आर्सेनिक ६, निकेल २० आणि बेंझो-ए-पायरीन १ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर, आणि ही तिन्ही वार्षिक सरासरीची आहेत. एककाकडे बघा: शिसं मायक्रोग्रॅममध्ये, बाकीची नॅनोग्रॅममध्ये. मधे हजारपटीचा फरक आहे आणि अहवालांत तो नेमाने चुकतो.

आता नमुना घेण्याआधी लॅबला फोन करा. चार गोष्टी विचारा: एका फिल्टरवर कमीत कमी किती नॅनोग्रॅम असेल तर तुम्ही आकडा देता? कुठला फिल्टर चालेल? कोरे फिल्टरही तपासून द्याल का? निकाल फिल्टरमधून कापलेल्या पट्टीचा देणार की पूर्ण फिल्टरचा?

तपासणी: पीएम २.५ चा छोटा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवेत बेंझो-ए-पायरीन अगदी मर्यादेइतकं, १ नॅनोग्रॅम असलं, तरी फिल्टरवर एकूण २४ नॅनोग्रॅमच जमेल. लॅबची किमान पातळी ५० असेल, तर अहवालात "आढळले नाही" असं छापून येईल आणि तुम्ही हवा स्वच्छ समजून बसाल. अशा वेळी मिनिटाला घनमीटरभर हवा ओढणारा मोठा सॅम्पलर घ्या, नाहीतर काही दिवसांचे फिल्टर एकत्र करून तपासा.

## टप्पा २ : फिल्टर निवडा, भाजा, वजन करा

साध्या काचतंतूच्या फिल्टरमध्ये जस्त, बेरियम असे धातू मुळातच असतात. त्यावर धातू मोजले तर अर्धी काचच मोजली जाते. धातूंसाठी छोट्या सॅम्पलरला पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर चांगला. मोठ्या सॅम्पलरला धातूंचं प्रमाण कमी असलेला शुद्ध काचतंतूचा किंवा क्वार्ट्झचा घ्या. पीएएचसाठी क्वार्ट्झ.

पीएएचचा क्वार्ट्झ फिल्टर वापरण्याआधी मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या भट्टीत) साधारण ४५० ते ५०० अंशांवर चार-पाच तास भाजून घ्यायचा, म्हणजे कारखान्यातून, हातातून, पाकिटातून लागलेलं सेंद्रिय द्रव्य जळून जातं. सोबत ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडेही भाजा. फिल्टर थंड झाला की लगेच त्याच फॉइलमध्ये.

इशारा: पीटीएफई फिल्टर भट्टीत घालू नका. तो वितळतो आणि त्यातून विषारी वाफा निघतात.

मग क्रम असा:

1. फिल्टर उजेडासमोर धरून बघा. सुईएवढं भोक दिसलं तरी तो बाद.
2. नंबर आधी द्या, वजन नंतर. वजन झाल्यावर पेन चालवलं की वजन बदललं. ठिसूळ क्वार्ट्झवर न लिहिता पाकिटावर नंबर टाकलेला बरा.
3. ठरलेल्या तापमानाला आणि आर्द्रतेला २४ तास ठेवा. नमुना घेतल्यानंतरही हीच स्थिती, हाच वेळ.
4. मोठ्या फिल्टरला निदान दशांश मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा, छोट्या पीटीएफई फिल्टरला मायक्रोग्रॅमपर्यंतचा. पंखा बंद, खिडकी बंद. पीटीएफई स्थिर विजेने भारतो आणि काटा नाचतो, म्हणून ती वीज घालवल्याशिवाय आकडा लिहू नका.

आर्द्रतेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. एप्रिलमधली सोलापूरची कोरडी हवा आणि सप्टेंबरमधली दमट हवा यांत फिल्टर वेगवेगळं पाणी धरतो. आधीचं वजन एसी खोलीत आणि नंतरचं उघड्या प्रयोगशाळेत केलं, तर तुम्ही धूळ नाही, दमटपणा मोजलात.

प्रत्येक दहा फिल्टरमागे निदान एक कोरा फिल्टर राखून ठेवा. तोही भाजायचा, वजन करायचा, जागेवर न्यायचा, सॅम्पलरमध्ये बसवायचा आणि पंप न चालवता काढून घ्यायचा. यालाच फील्ड ब्लँक म्हणतात. पैसे वाचवायला पहिला बळी याचाच जातो. तो नसेल तर फिल्टरवर सापडलेलं रसायन हवेतलं की हाताळणीतलं, हे कुणीच सांगू शकत नाही.

## टप्पा ३ : जागा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना सोप्या आहेत. हवा ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच. झाडांपासून २० मीटर लांब. शेजारची इमारत सॅम्पलरपेक्षा जितकी उंच, त्याच्या दुपटीहून जास्त अंतर. चारपैकी तीन बाजूंनी वारा मोकळा. जवळ भट्टी किंवा धुराडं नको.

त्यात सोलापूरच्या गच्च्यांसाठी माझी भर. सकाळी आसपास कुठे बंब पेटतो का बघा. जुन्या पेठांत आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं, चिपाडं, कधी चिंध्यासुद्धा जळतात. शेजारच्या गच्चीवरचा एक बंब तुमचा पीएएचचा आकडा एकटाच ठरवेल. हॉटेलची तंदूर भट्टी, बेकरी, कपडे रंगवणाऱ्या कारखान्याचा बॉयलर यांचंही तेच. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडजवळ कापसाचे तंतू सॅम्पलरच्या जाळीवर लोकरीसारखे साठतात आणि हवेचा प्रवाह पाडतात. अशा जागी जाळी रोज साफ करावी लागेल. गच्चीवर फुफाटा असेल तर आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू मारू नका.

एकाच जागेवरून शहराबद्दल बोलता येत नाही. निदान तीन जागा घ्या: सात रस्त्यासारखी रहदारीची, एमआयडीसीलगतची, आणि वाऱ्याची दिशा बघून शहराबाहेरची, उदाहरणार्थ हिप्परगा तलावाच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत. तिसऱ्या जागेशिवाय पहिल्या दोन्हींच्या आकड्यांना अर्थ येत नाही.

## टप्पा ४ : ऋतू आणि तारखा

पीएएच मोजायची असतील तर हिवाळा धरा. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वर उठत नाही, शेकोट्या पेटतात, साखर कारखाने चालू असतात. म्हणजे मोजण्यासारखं काहीतरी असतं. दुसरं कारण तापमानाचं. हलकी पीएएच मुळात वायुरूपातच फिरतात. तीन-चार कड्यांची (कार्बनच्या अणूंची कडी) पीएएच उष्णतेने फिल्टरवरूनही उडून जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना, लोखंडी सॅम्पलरच्या पोटात फिल्टर तापत असताना, पाच-सहा कड्यांची जड पीएएच तेवढी भरवशाने टिकतात. बेंझो-ए-पायरीन त्यांतलंच, म्हणून ते उन्हाळ्यातही मोजता येतं. हलकी पीएएचही हवी असतील तर फिल्टरच्या मागे पॉलियुरेथेन फोमची नळी लावावी लागते. ती न लावता "उन्हाळ्यात पीएएच कमी" असा निष्कर्ष काढू नका. ती कमी नव्हती, उडून गेली.

दिवाळी आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा वेगळ्या नोंदीत ठेवा. शोभेच्या दारूने बेरियम, स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम एकदम चढतात. त्या दिवशी मोजायला हरकत नाही, पण नेहमीच्या दिवसांच्या सरासरीत ते मिसळू नका. आठवड्याचे सगळे वार येतील असंही बघा. फक्त रविवारी सवड मिळते म्हणून रविवारीच नमुने घेतले, तर एमआयडीसी सुट्टीवर असतानाची हवा मोजली जाईल.

## टप्पा ५ : सॅम्पलर चालवणं

1. प्रवाह आधी कॅलिब्रेट करा, म्हणजे खात्रीच्या मापकाशी ताडून घ्या. सॅम्पलरवरच्या मापकावर डोळे झाकून विसंबू नका. प्रवाह दहा टक्के चुकला की शेवटचा आकडाही तेवढाच चुकतो.
2. हात धुवा, पावडर नसलेले हातमोजे घाला. धातूंसाठी प्लास्टिकचा चिमटा, पीएएचसाठी सॉल्व्हंटने पुसलेला स्टीलचा.
3. फिल्टर खरखरीत बाजू वर ठेवून बसवा. चौकट चारी कोपऱ्यांत सारखी आवळा. एक कोपरा आधी पूर्ण पिळला की क्वार्ट्झ तडकतो.
4. सुरू केल्यावर पाच मिनिटं थांबा, प्रवाह स्थिर झाला की नोंद करा.
5. मोठ्या सॅम्पलरला आठ-आठ तासांचे तीन फिल्टर लावून २४ तास पूर्ण करा: सकाळी ६ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री १०, रात्री १० ते सकाळी ६.
6. बंद करण्याआधी पुन्हा प्रवाह नोंदवा. फिल्टर भरत जातो तसा प्रवाह पडतो, म्हणून दोन्हींची सरासरी घ्यायची.

इशारा: कार्बन ब्रशची मोटर असलेल्या सॅम्पलरमधून तांबं आणि काजळी बाहेर पडते आणि तोच सॅम्पलर ती परत ओढतो. बाहेर जाणारी हवा लांब पाइपने वाऱ्याच्या खालच्या बाजूला सोडा. "तांबं फार निघालं" अशा अहवालामागे कधी कधी ही मोटरच असते.

वीज जाते, हे धरूनच चला. घड्याळावरून वेळ मोजू नका, सॅम्पलरचा चालू-वेळ मोजणारा मीटर बघा. रात्री दोन तास वीज गेली आणि तुम्ही आठच तास धरले, तर हवा जास्त मोजली जाईल आणि प्रदूषण कमी दिसेल. वही जागेवर ठेवा आणि त्यात वाऱ्याची दिशा, जवळ पेटलेला कचरा, खणलेला रस्ता असं सगळं त्याच वेळी लिहा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या नोंदीचा उपयोग नाही.

## टप्पा ६ : फिल्टर काढणं आणि ठेवणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त बिघडतो, कारण तोवर माणूस दमलेला असतो.

फिल्टर काढण्याआधी तसाच खाली वाकून नीट बघा. मधला भाग सारखा करडा, आणि भोवती गॅस्केटखाली (चौकटीच्या रबरी पट्टीखाली) दबलेली पांढरी कडा, रेघ मारल्यासारखी स्वच्छ. असं दिसलं तर नमुना चांगला. कडेवर काळे ओघळ, बोटांसारखे पसरलेले करडे पट्टे दिसले तर तिथून हवा गळत होती आणि काही हवा फिल्टरला वळसा घालून गेली. असा नमुना बाद करा. मन धजत नाही, पण बाद करा. किडा पडला असेल तर चिमट्याने उचला आणि नोंद करा.

मोठ्या फिल्टरची मधोमध घडी घाला, काळी बाजू आत. इथून वाटा वेगळ्या होतात.

पीएएचसाठी: भाजलेल्या फॉइलमध्ये गुंडाळा, वरून पाकीट, आणि लगेच थंडीत व अंधारात. उजेडाने बेंझो-ए-पायरीनसारखी द्रव्यं मोडतात. साठवण उणे २० अंशांवर, डीप फ्रीझरमध्ये. थेट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर प्लास्टिकमधली रसायनं फिल्टरला लागतात.

धातूंसाठी: उलट. फॉइल नको, कारण ते स्वतःच धातूचं आहे. स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत ठेवा. फ्रीझरची गरज नाही.

पीएएचच्या फिल्टरचं वजनही हवं असेल तर पेच येतो: २४ तास खोलीत ठेवलं की हलकी द्रव्यं उडणार. शक्य असेल तर वजनासाठी वेगळा फिल्टर चालवा. नसेल तर अंधारात, थंड खोलीत ठेवून वजन उरका आणि अहवालात तसं लिहा.

लॅब पुण्या-मुंबईची असेल तर बर्फाच्या पेटीतून, शक्यतो स्वतः घेऊन जा. रात्रीच्या खासगी बसच्या डिकीतून साध्या खोक्यात गेलेला फिल्टर सकाळी पोचतो खरा, पण हलकी पीएएच वाटेतच गळालेली असतात.

## टप्पा ७ : लॅबमध्ये

तिथलं काम तुमचं नाही, पण विचारायचं ते विचारा. धातूंसाठी फिल्टरची पट्टी आम्लात विरघळवून आयसीपी किंवा एएएस यंत्रावर मोजतात. पीएएचसाठी डायक्लोरोमीथेन किंवा टोल्युईनसारख्या सॉल्व्हंटमध्ये ती उतरवून जीसी-एमएस किंवा एचपीएलसीवर. माहीत असलेलं प्रमाण घालून ते किती टक्के परत मिळालं, हा रिकव्हरीचा आकडा मागून घ्या. तो नसेल तर अहवाल अपुरा आहे.

## टप्पा ८ : आकडा काढणं

एक नमुन्यादाखल हिशेब. सरासरी प्रवाह मिनिटाला १.१ घनमीटर, वेळ ४८० मिनिटं. ओढलेली हवा ५२८ घनमीटर. वजन वाढलं ०.०६३४ ग्रॅम, म्हणजे ६३,४०० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की पीएम १० साधारण १२० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हा त्या आठ तासांचा आकडा झाला. मानक २४ तासांसाठी १०० आहे, म्हणून तीनही फिल्टरची बेरीज भागिले तिन्हींची हवा, असं करूनच तुलना.

आता बेंझो-ए-पायरीन. मोठा फिल्टर ८ बाय १० इंचांचा, पण कडा सोडून प्रत्यक्ष धूळ बसते ७ बाय ९ इंचांवर. लॅबने १ इंच रुंद, ८ इंच लांब पट्टी कापली, तर तिच्यावर धुळीचा नववा हिस्सा येतो, दहावा नाही. पट्टीवर ४८ नॅनोग्रॅम निघालं, कोऱ्या फिल्टरच्या तेवढ्याच पट्टीवर ४. वजा करून ४४, गुणिले ९, म्हणजे ३९६. भागिले ५२८, उत्तर ०.७५ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. दहाने गुणलं असतं तर ०.८३ आलं असतं. कोरा वजा करायचा राहिला, तर याच हिशेबात नऊने गुणूनही ०.८२ येतं.

## टप्पा ९ : अर्थ लावणं

पहिली गोष्ट, एका आठ तासांच्या फिल्टरचा ०.७५ हा आकडा वार्षिक १ शी ताडून "मर्यादेत आहे" म्हणू नका. वार्षिक सरासरीसाठी वर्षाला किमान १०४ मोजण्या लागतात, आठवड्यातून दोनदा, सारख्या अंतराने. तुमच्याकडे हिवाळ्यातले काही दिवस असतील तर "हिवाळ्यातले काही दिवस" असंच लिहा. त्यानेही काम होतं.

दुसरी गोष्ट सोलापूरची स्वतःची आहे आणि ती हमखास सुटते. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलोय. त्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीत लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम, तांबं हे धातू जगाच्या सरासरीपेक्षा मुळातच जास्त असतात. पुस्तकातले जागतिक सरासरीचे आकडे धरून हिशेब केला तर रस्त्यावरची साधी मातीही कारखान्याचं प्रदूषण वाटू लागते. म्हणून नमुन्याच्या जागेजवळून, रस्त्यापासून दूर, वरच्या थरातली माती घ्या, सावलीत वाळवा, बारीक चाळणीने चाळा आणि त्याच लॅबमध्ये तेच धातू मोजून घ्या. मग धुळीतल्या शिशाचं लोहाशी गुणोत्तर काढा, मातीतलंही काढा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ च्या आसपास असेल तर तो धातू मातीतूनच आलाय. १० च्या वर गेलं तर माणसाचा हात आहे. मधल्या आकड्यांवर ठाम बोलू नका.

स्रोत ओळखताना एका धातूवर बोट ठेवू नका. जस्त टायरच्या झिजेतून येतं, तसं कचरा जाळण्यातूनही. तांब्यासोबत अँटिमनी वाढलं असेल तर ब्रेकची झीज धरायला आधार मिळतो. पोटॅशियम लाकडाच्या धुरातलं आणि फटाक्यांतलंही. पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं, तेव्हा आज शिसं चढलं तर बॅटऱ्या वितळवणं, जुना रंग, कचऱ्याच्या आगी अशा जागा शोधा. आणि कुठल्या एका कारखान्याचं नाव घेण्याआधी वाऱ्याची दिशा, तिथल्या सुट्टीच्या दिवसांचे नमुने आणि शहराबाहेरच्या जागेचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. लोकांच्या पोटाचा प्रश्न दोन्ही बाजूंना असतो, श्वास घेणाऱ्यांचा आणि तिथे काम करणाऱ्यांचाही.

अहवालात हवेचं घनफळ, कोऱ्या फिल्टरचे आकडे, रिकव्हरी, बाद केलेले नमुने आणि ते का बाद केले, हे सगळं द्या. मंडळाकडे किंवा महापालिकेकडे कागद गेला की पहिला प्रश्न याच रकान्यांवर येतो. पट्टी कापून उरलेला फिल्टर फेकू नका. लॅबकडून तो परत मागून घ्या, नंबर आणि तारीख टाकून ठेवा, पीएएचचा असेल तर फ्रीझरमध्येच. आकड्यावर कुणी हरकत घेतली तर दुसऱ्या लॅबकडून फेरतपासणी त्याच फिल्टरवर करता येते.